जुनी काळी सायकल: विकत घेण्यापासून रस्त्यावर आणेपर्यंत

वाकड्या हँडलच्या जुन्या स्टीलच्या रेसर सायकली युरोपात अजून बऱ्यापैकी मिळतात. आपल्याकडे त्या मुळातच थोड्या आल्या. आपल्याकडे घरोघर होती ती काळी, उंच, सळयांच्या ब्रेकची आणि अठ्ठावीस इंची चाकांची रोडस्टर. मास्तर, पोस्टमन, दूधवाले, गिरणीकामगार, सगळ्यांची तीच. पहिल्यांदाच जुनी सायकल घेऊन ती उभी करायची असेल, तर रेसरच्या मागे न लागता रोडस्टर घ्या. तिचा आराखडा कित्येक दशकांत फारसा बदललेला नाही आणि आपल्याकडे ती अजूनही बनते. ब्रेकच्या ज्या सळईसाठी परदेशातला हौशी माणूस वणवण करतो, ती आपल्या तालुक्याच्या गावी सायकलच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका: सायकल आधी चालती करायची, दिसण्याकडे नंतर बघायचं, आणि तेही हात आखडता ठेवून. नवखी मंडळी नेमकी उलट सुरुवात करतात. सायकल घरी आली की पहिला फोन रंगवाल्याला. मग चकचकीत काळा रंग चढतो, मूळ सोनेरी रेघा कायमच्या जातात आणि आतले छर्रे गंजलेलेच राहतात.

कुठे शोधायची

सर्वांत चांगली सायकल बाजारात नसते, ती कुणाच्या तरी माळ्यावर, गोठ्यात किंवा वाड्याच्या जिन्याखाली असते. ओळखीच्यांत, गावाकडच्या नातेवाइकांत शब्द टाकून ठेवा. भाड्याने सायकली देणारी जुनी दुकानं बंद झाली असली तरी त्यांच्या मालकांकडे सुटे भाग बऱ्याचदा पोत्यांत पडलेले असतात. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मुंबईत चोर बाजार आहे. तिथे सायकली मिळतात, पण पाच सायकलींचे भाग जोडून केलेली एक सायकलही तिथेच मिळते. भंगारवाल्याशी मैत्री ठेवावी. पूर्ण सायकल नाही मिळाली तरी चेनकव्हर, जुना कॅरिअर, पितळी घंटी अशा वस्तू त्याच्याकडेच हाती लागतात.

खरेदीला निघण्याआधी धडधाकट मूळ नमुने डोळ्यांखालून घाला. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. मूळ रंग कसा दिसतो, रेघा किती बारीक असतात, कुठल्या नटावर काय ठोकलेलं असतं, हे एकदा तिथे नीट पाहिलं की बाजारात फसण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

बिल्ल्यावर भाळू नका

हँडलखालच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला दोन रिव्हेटांनी किंवा स्क्रूंनी बसवलेला असतो, म्हणजे तो बदलणं दहा मिनिटांचं काम. ‘इंग्लंडची रॅले’ म्हणून दाखवलेल्या सायकलीचा बाकी पुरावा तपासा. रॅलेच्या पुढच्या चेनव्हीलमध्ये, म्हणजे पायडलांकडच्या दातेरी चक्रात, बगळ्याची डोकी कापलेली असतात. हंबरच्या चेनव्हीलमध्ये माणसांच्या छोट्या आकृत्या असतात आणि तिचा पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, दुहेरी नळ्यांचा असतो. रजच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा दिसतो. बीएसएची खूण एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, कारण मुळात ती बर्मिंगहॅमची शस्त्रं बनवणारी कंपनी.

नावांचा आणखी एक गुंता आहे. रॅलेने १९३२ मध्ये हंबरचा, १९४३ मध्ये रजचा आणि १९५७ मध्ये बीएसएचा सायकलधंदा घेतला, त्यामुळे नंतरच्या या सायकलींत एकमेकींचे भाग सापडले तर ती लबाडीच असेल असं नाही. शिवाय स्वातंत्र्यानंतर आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात रॅले, हंबर, रज याच नावांनी सायकली बनत होत्या. मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स सुरू झाली आणि हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए ही नावं तिथूनही बाहेर पडू लागली. म्हणजे बिल्ला अस्सल असूनही सायकल रॅलेच्या मूळ गावची, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची नसेल. त्यात वाईट काही नाही. जुनी सेन-रॅले किंवा मुंबईत वरळीला बनलेली हिंद सायकल चालवायला तितकीच भारदस्त असते. फक्त विलायती भाव देऊ नका.

मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचा तीन गिअरांचा हब (चाकाचा मधला, एक्सलवर फिरणारा भाग) असेल तर त्याच्या पिंडावर एडब्ल्यू ही अक्षरं आणि त्यापुढे बहुतेक वेळा वर्ष व महिन्याचे आकडे ठोकलेले दिसतात. चाक मूळचं असेल, तर सायकलीचं वय सांगणारा याहून सोपा पुरावा नाही.

सांगाडा तपासणं

इथे वेळ घालवा. टायर, सीट, चेन सगळं बदलता येतं. वाकलेला सांगाडा सरळ करून देणारा कसबी माणूस आता दुर्मीळ आहे.

पहिलं पाहायचं ते हँडलखालच्या उभ्या नळीला दोन आडव्या-तिरक्या नळ्या मिळतात तो जोड. त्या दोन्ही नळ्यांच्या खालच्या बाजूने, जोडापासून चार बोटं मागे, अंगठा फिरवा. तिथे फुगवटा, सुरकुती किंवा रंगाला आडवी चीर लागली, की सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. अशी सायकल कितीही स्वस्त असली तरी पहिल्या खेपेला नको. मग बाजूला उभं राहून चिमट्याकडे पाहा. चिमट्याचा वरचा सरळ भाग आणि हँडलखालची नळी एका रेषेत हवी. चिमटा मागे सरकलेला दिसला आणि पुढचं चाक खालच्या नळीच्या फार जवळ आलेलं असलं, तर चिमटा वाकला आहे.

मागच्या भागासाठी एक दोरा पुरतो. मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या एका खाचेला दोरा बांधा, तो पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घाला आणि परत मागे आणून दुसऱ्या खाचेला ताणून बांधा. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालेल, जास्त असेल तर सांगाडा एका अंगाला गेला आहे.

गंजाचे प्रकार दोन. घाटावरच्या सायकलीवर बहुतेक वेळा वरवरचा तांबूस थर असतो, तो निघतो. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या खाऱ्या हवेत राहिलेली सायकल आतून खाल्लेली असू शकते. सगळ्यात खाली, पायडलांचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो तिथे, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत बीबीत, पाणी साचतं. तिथे आणि मागच्या मडगार्डच्या आतल्या नळ्यांवर नाण्याने ठोकून पाहा. आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर पुढे जाऊ नका. सीटची नळी आणि हँडलची नळी आपल्या जागी हलतात का, तेही विक्रेत्यासमोरच बघा.

रिमची गोष्ट वेगळी. सळयांच्या ब्रेकचे रबर रिमच्या कडेवर नव्हे, हबकडच्या आतल्या अंगावर दाबले जातात. गंज नेमका तिथे खोल गेला असेल तर रिम बदलावी लागेल. नवी घेण्याआधी आरे मोजा: जुन्या रोडस्टरला बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. ३६ भोकांची रिम आणून ठेवलीत तर ती जुन्या हबवर बसणार नाही.

भाव करताना

रोडस्टरचं वजन १८ ते २० किलोच्या आसपास. त्या दिवशीचा लोखंडाचा भंगारभाव विचारून गुणाकार करा. जिच्यावर काहीच विशेष नाही, अशा सायकलीच्या किमतीची ती खालची मर्यादा. तिथून वर किती जायचं, ते सुटे भाग ठरवतात. पूर्ण बंद चेनकव्हर, ब्रूक्सची कातडी सीट, गिअरचा हब आणि गिअर बदलायचा त्याचा मूळ खटका, हबमधला डायनमो, मूळ दिव्याची पट्टी या वस्तू नंतर शोधायला गेलात तर फार महाग पडतात. त्या असतील तर थोडे जास्त पैसे मोजा. टायर, ट्यूब, पायडल, चेन, ब्रेकचे रबर नसले किंवा कुजलेले असले तरी हरकत नाही, फक्त तेवढा खर्च भावातून वजा करा. विक्रेता ‘अँटिक पीस आहे साहेब’ म्हणाला की चेनकव्हर कुठे आहे ते विचारायचं.

सीटखाली किंवा हँडलला नगरपालिकेचा जुना पितळी बिल्ला सापडला तर तो काढून सांभाळून ठेवा. सायकलवर कर होता त्या काळात दरवर्षी तो मिळायचा. आणि सांगाड्यावरचा नंबर लिहून विक्रेत्याकडून सहीची साधी पावती घ्या. चोरीची सायकल गळ्यात पडली तर तुमच्या बाजूने तेवढाच कागद असतो.

खोलायला बसण्याआधी

सगळ्या बाजूंनी भरपूर फोटो काढा. ब्रेकच्या सळया, त्यांचे जोड, वॉशर कुठल्या बाजूला आहेत, हे आठवणीवर सोडण्यासारखं नाही. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी.

जुन्या विलायती सायकलींचे नट इंची मापाचे असतात. मिलिमीटरचा पाना वरवर बसतो, जोर लावला की नटाचे कोपरे खातो. इंची पाने मिळाले तर उत्तम, नाहीतर चांगला घट्ट जबड्याचा स्क्रूपाना घ्या. एवढ्यासाठी पकड वापरू नका. बाकी लागतं ते थोडंच: हातोडी, कानस, गंज सोडवायचं फवाऱ्याचं तेल, धुण्यासाठी डिझेल, लिथियमचं ग्रीस, पातळ मशीन ऑइल, चिंध्या. अडकलेल्या प्रत्येक नटावर आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा.

कॉटर पिन

ही सायकल खोलताना माणसं ज्या एका ठिकाणी हरतात, ते हेच. दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलांचे दांडे, एक्सलवर तिरप्या कापलेल्या कॉटर पिनने पक्के केलेले असतात आणि वर्षानुवर्षांच्या गंजाने ती पिन जागीच जाम होते. नट काढून आट्यांवर हातोडीचे दहा-बारा घाव घालायचे, ही सर्रास पद्धत. त्याने पिन वाकते, आटे चपटे होतात आणि प्रत्येक घावाचा धक्का आतल्या छर्ऱ्यांना बसून कपाला, म्हणजे छर्रे फिरतात त्या वाटीला, खड्डे पडतात.

बरोबर रीत अशी. नट पूर्ण काढू नका. पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा, म्हणजे आटे वाचतील. क्रँकच्या खाली, पिनेचं जाड डोकं ज्या बाजूला आहे तिथे, जमिनीपर्यंत पोहोचणारा भक्कम आधार द्या. लोखंडी नळीचा योग्य उंचीचा तुकडा उत्तम, पिनेचं डोकं नळीच्या पोकळीत उतरेल असा. आता जड हातोडीचा एकच सरळ, ठाम घाव. हलके दहा घाव घालण्यापेक्षा हे चांगलं. नाहीच हलली तर पुन्हा तेल, एक रात्र वाट, मग क्रँकला थोडी उष्णता आणि पुन्हा घाव. शेवटचा उपाय ड्रिलने पिन पोखरून काढणे. तिथवर आलात तर मिस्त्रींकडे न्या. लाज वाटण्याचं कारण नाही.

नवी पिन घेताना जुनी बरोबर न्या. रॅलेच्या पिना साधारण साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या, इतर बऱ्याच सायकलींच्या नऊच्या. तिरपी बाजू पुरती बसत नसेल तर कानशीने हळूहळू घासून जमवावी लागते आणि दोन्ही पिना सारख्याच घासल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. बसवताना दोन्ही पिना परस्परविरुद्ध दिशांनी घाला.

बीबी, हब आणि छर्रे

डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतं. बीबीच्या चेनकडच्या कपाचे आटेही उलटे. तो कप शाबूत असेल तर काढूच नका. डावीकडचा कप काढून आतून पुसून, पाहून घ्या. इंग्लिश रॅलेच्या बीबीला इंचाला २६ आटे असतात, बाकी बहुतेकांना २४. बाजारातला २४ आट्यांचा कप रॅलेत दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे ज्याने जोर लावला त्याने सांगाडा बाद केला.

प्रत्येक ठिकाणचे छर्रे काढताना मोजा. बीबीत सहसा दर बाजूला पाव इंची ११, मागच्या हबमध्ये पाव इंची ९, पुढच्या हबमध्ये तीन-सोळांश इंची १०. पण आधीच्या मिस्त्रींनी एखादा कमी घातलेला असू शकतो, म्हणून कपात भरून पाहा: सगळे बसल्यावर जेमतेम एका छर्ऱ्याएवढी फट उरली पाहिजे. छर्रे नवेच घाला, त्यांना फार पैसे पडत नाहीत. कोन (छर्ऱ्यांना दाबून धरणारा एक्सलवरचा निमुळता नट) आणि कप उजेडात धरून पाहा; छर्रे फिरतात त्या पट्ट्यावर खड्डे असतील तर कोन बदला. ग्रीस सढळ हाताने. कोन आवळताना चाक मोकळं फिरायला हवं आणि रिम धरून डावी-उजवीकडे हलवली तर खेळ जाणवता कामा नये. या दोन्हींच्या मधली जागा सापडायला पहिल्या वेळी अर्धा तास जातो.

तीन गिअरांचा हब मात्र उघडू नका. शंभरातल्या बहुतेक हबना फक्त तेल हवं असतं. हबवरच्या छोट्या झाकणातून चमचाभर पातळ मशीन ऑइल सोडा, चाक फिरवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. ग्रीस आत घालायचं नाही, आतले खटके त्याने चिकटतात. मधल्या गिअरवर केबल जमवायची: एक्सलच्या नटाला खिडकी असते, तिच्यातून पाहिल्यावर केबलच्या टोकाच्या बारीक साखळीला जोडलेल्या काडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसला पाहिजे. हे चुकलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल एकदम मोकळं फिरतं, आणि उभं राहून जोर लावताना तसं झालं तर दात पडण्याची वेळ येते. पुढच्या चाकात हबचा डायनमो असेल तर त्याचं चुंबकाचं कडं आतल्या गुंडाळीपासून वेगळं करू नका, चुंबकत्व उतरतं.

रंग आणि क्रोम

कोमट पाण्यात सौम्य साबण, मऊ फडकं, आणि घाई नाही. सोनेरी रेघा आणि अक्षरं थिनर, पेट्रोल, अगदी जोरात घासण्यानेही जातात. त्यांच्या कडेकडेने थांबत मोटारीच्या रंगाचं सौम्य पॉलिश वापरा, वरून मेण. खरवडलेल्या जागी दिसणारं लोखंड ब्रशने काळ्या रंगाचा ठिपका देऊन झाकलं तरी पुरे. क्रोमवरचा गंज चपात्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने आणि साध्या पाण्याने घासून निघतो. सँडपेपर क्रोमला लावू नका. खूप गंजलेले सुटे भाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात बुडवतात. ते विषारी आहे, हातमोजे घाला, मुलंबाळं, जनावरं दूर ठेवा.

पूर्ण नवा रंग तेव्हाच, जेव्हा मूळ रंग निम्म्याहून जास्त गेलेला असेल. पावडर कोटिंग टिकाऊ असतं, पण जाड थराखाली जोडांची नक्षी बुजते.

कातडी सीटला खोबरेल तेल चोपडण्याची आपल्याकडे फार हौस. तेलाने कातडं ढिलं पडतं आणि झोळीसारखं लोंबतं. चामड्याचं मेण, तेही थोडंच, खालच्या बाजूने जास्त. सीटच्या नाकाखालचा नट पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी आवळू नये. पावसाळ्यात बुरशी आली तर पुसून सावलीत वाळवा.

टायर आणि ब्रेक

टायर मागताना दुकानात ‘अठ्ठावीस बाय दीड’ म्हणा. ऑनलाइन नुसतं २८ पाहून मागवलं तर हमखास आधुनिक ७०० सीचा टायर येतो. त्याची बैठक ६२२ मिलिमीटरची, आपल्या रिमची ६३५. तो चढणारच नाही. काही हलक्या सायकलींची चाकं २६ बाय एक तीन-अष्टमांश असतात, म्हणून जुन्या टायरवरचे आकडे वाचूनच जा. व्हॉल्व्ह जुन्या पद्धतीचा असेल तर जवळ दोन-चार व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवायच्या बारीक रबरी नळ्या, ठेवा. चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना होणारी लचक, मिस्त्रींकडूनच काढून घ्या. जुने आरे तुटण्याची भीती असते आणि हे कसब हातात बसायला काळ लागतो.

चेन मोजायची तर बारा इंचांची पट्टी लावा. एका पिनेपासून चोविसाव्या पिनेनंतरची पिन बरोबर बारा इंचांवर हवी. एक-अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला, आणि फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्राचे, दातही पाहा.

सळयांचे ब्रेक जमवणं संयमाचं काम आहे, अवघड नाही. सगळे जोड सोडवून, साफ करून, तेलाचा एक-एक थेंब द्या. रबर रिमच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकले पाहिजेत, आणि ब्रेक सोडल्यावर साधारण तीन मिलिमीटर दूर जायला हवेत. पुढचा ब्रेक आधी जमवा, मग मागचा. मागच्याच्या सळया जास्त, त्यामुळे खेळही जास्त. कडक झालेले रबर बदला. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की ओल्या क्रोमच्या रिमवर हे ब्रेक जेमतेम लागतात. भर पावसात घाट उतरायला ही सायकल नाही.

पहिली फेरी

गल्लीत, सपाटीवर, हँडल हलकं धरून. हात अगदी सैल सोडले की सायकल एका बाजूला ओढते का, बीबीतून करकर येते का, दोन्ही पायडलांना जोर सारखा लागतो का ते पाहा. टक् असा आवाज पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा आला तर तो बहुधा कॉटर पिनचाच. पाना आणि हातोडी बरोबर ठेवा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पिना थोड्या बसतात. मग क्रँकला नळीचा आधार या वेळी आट्यांच्या बाजूने देऊन पिनेच्या जाड डोक्यावर एक घाव आणि नट पुन्हा आवळणं. साधारण पन्नास किलोमीटरनंतर हेच एकदा, आणि त्याच बैठकीत चाकांचे कोन, हँडल आणि सीटचे नटही तपासून घ्या.